घर वाढवताना

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले पूर्वज सांगून गेले. मात्र बांधलेले घर वाढवावे कसे, याविषयी त्यांनी म्हण केलेली ऐकिवात नाही. बहुधा तशी गरजच त्यांना भासली नसावी. कोकणातल्या घरात माणसे वाढली की घराला आणखी एक पडवी काढत. देशावरच्या वाड्याला ऐपत असेल तर मागे दुसरा चौक जोडत. मूळ छपराचा उतार तसाच खाली आणायचा, त्याखाली नवे खांब द्यायचे, जुन्या भिंतीवर नवे ओझे होता होईल तो घालायचे नाही, हे गावच्या सुताराला आणि गवंड्याला कोणी शिकवावे लागत नसे. घराच्या रचनेतच त्याच्या वाढीचा नियम दडलेला होता.

विटा-सिमेंटच्या घरात तो नियम हरवला. तालुक्याच्या गावी १९७० ते १९९० च्या दरम्यान शिक्षकांनी, कारकुनांनी फंडाच्या पैशांतून बांधलेली तीन खोल्यांची बैठी घरे आपल्यापैकी अनेकांची असतील. आता त्या घरात दोन मुलगे, दोन सुना आणि शाळेत जाणारी नातवंडे असतात. मग एखाद्या रविवारी चहाच्या वेळी प्रस्ताव येतो, "वर एक स्लॅब टाकू." काही घरांच्या गच्चीवर तर भावी मजल्यासाठी सोडलेल्या सळया वर्षानुवर्षे आभाळाकडे बघत उभ्या असतात. त्या गंजून निम्म्या झालेल्या असल्या तरी घरमालकाचा त्यांच्यावर मोठा विश्वास असतो.

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी गणिताला जरा बिचकूनच असतो, पण येथे थोडा हिशेब केल्यावाचून गत्यंतर नाही. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एकच खोली वर बांधायची आहे असे धरू. नऊ इंच जाडीच्या व दहा फूट उंचीच्या विटांच्या भिंतीचे वजन दर धावत्या फुटाला सुमारे चारशे किलो भरते. खोलीच्या चारही भिंती मिळून चव्वेचाळीस फूट. दारे-खिडक्यांची जागा वजा केली तरी पंधरा टन होतात. त्यावर पाच इंची स्लॅब, म्हणजे आणखी साडेतीन टन. गिलावा, फरशी, माणसे, कपाटे आणि गच्चीवरची पाण्याची टाकी वेगळीच. चार-पाच हत्ती आणून जुन्या घराच्या डोक्यावर उभे करण्यासारखा हा प्रकार आहे. खालची भिंत ते पेलेलही, कारण वीट दाब चांगला सोसते. पण पाया? तो किती खोल आहे, मुरुमावर आहे की काळ्या मातीवर, हे चाळीस वर्षांनंतर कोणालाच आठवत नसते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरच्या घराला भेगा का पडतात ते सांगायला नको. शिवाय ज्या भिंतींवर ही सारी मदार असते, त्यांतलीच एखादी 'हॉल मोठा करायचा' म्हणून मधल्या काळात पाडून टाकलेली असते.

डोक्यावरचे वजन काय करू शकते हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात पाहिले आहे. तेथील घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीच्या थरांनी जड झालेली धाब्याची छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. तेथली घरे निराळी आणि आपली निराळी हे मान्य. पण वजनाचा न्याय दोन्हीकडे सारखाच.

म्हणूनच वास्तुरचनाकार, ज्याला आपण सर्रास आर्किटेक्ट म्हणतो, त्याचे पहिले काम नवे चित्र काढणे हे नसून जुने घर वाचणे हे असते. (वास्तुशास्त्राच्या नावाने स्वयंपाकघराची दिशा सांगणारे गृहस्थ निराळे. त्यांना मात्र आपण न चुकता आधी बोलावतो!) तो टेप घेऊन घराची मापे घेतो, भिंतींची जाडी पाहतो, कोपऱ्यात एक-दोन ठिकाणी खड्डा घेऊन पाया उघडा करायला सांगतो आणि रचना-अभियंत्याला सोबत घेऊन काय पेलेल, काय पेलणार नाही ते ठरवतो. उत्तर नेहमी 'नाही' असेच येते असे नाही. कधी जुन्या भिंतींच्या बाहेरून नवे खांब उभारून वरचा मजला त्यांच्यावर तोलता येतो. कधी लोखंडी सांगाडा आणि साध्या विटेच्या मानाने वजनाला निम्म्याहून हलके असे ठोकळे वापरून भार कमी करता येतो. तर कधी मजल्याचा नाद सोडून परसात आडवे वाढणेच शहाणपणाचे ठरते. तसे वाढताना मात्र नव्या भागाचा पाया स्वतंत्र ठेवून जुन्या-नव्यामध्ये मुद्दाम सांधा सोडावा लागतो. नवे बांधकाम पहिली काही वर्षे थोडे खचते, जुने खचून कधीच स्थिर झालेले असते. दोघांना घट्ट बांधले की भेग ठरलेली.

इथवरचा भाग अभियांत्रिकीचा झाला. मला स्वतःला याहून अधिक महत्त्वाचा वाटतो तो जिना. दहा फूट चढायचे तर सहा इंचांच्या वीस पायऱ्या लागतात. मध्ये वळण घेतले तरी जिना जवळपास सात फूट रुंद व अकरा फूट लांब एवढी जागा खातो, म्हणजे एक लहान खोलीच. ती वाचवण्यासाठी गवंडी सांगतो, जिना बाहेरून घ्या. आणि तेथेच एका घराची दोन घरे होण्यास आरंभ होतो. बाहेरच्या जिन्याने वर गेलेला भाऊ दिवसेंदिवस खाली डोकावत नाही. वर्षभरात वर वेगळी चूल येते आणि वीजमीटरही वेगळा होतो. उलट जिना आतून, स्वयंपाकघराशेजारून काढला तर वरच्या सुनेला उशिरा कामावरून परतताना साऱ्या घराच्या नजरेखालून जावे लागते. काही कुटुंबांना पहिली व्यवस्था हवी असते, काहींना दुसरी, आणि पुष्कळांना ते तोंडाने बोलता येत नाही. आमच्या नात्यातील एका घरी आर्किटेक्ट बाईंनी नकाशापूर्वी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे बसवून विचारले होते : सकाळी पहिला चहा कोण करते, आजी रात्री किती वेळा उठतात, ओले कपडे कोठे वाळतात, दहावीची मुलगी कोठे अभ्यास करते? काकांना हा पोरकटपणा वाटला. शेवटी जिना व्हरांड्यातून निघाला, घराच्या आतही नाही आणि पुरता बाहेरही नाही. वर जाणाऱ्याला आजींच्या खिडकीवरून जावे लागते, पण स्वयंपाकघरातून नाही.

आडव्या वाढीत उजेडाचा बळी जातो. मागच्या भिंतीला लागून नवी खोली काढली की माजघराची एकुलती एक खिडकी त्या खोलीत उघडू लागते आणि माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. पाच-सहा फुटांचा एवढासा चौक मध्ये उघडा सोडला तर दोन्ही खोल्यांना उजेड-वारा मिळतो. पण तेवढी जागा 'फुकट जाते' म्हणून मालक हळहळतो. वाड्यातल्या चौकाला कोणी फुकट जागा म्हटल्याचे ऐकिवात नाही.

घर वाढणार हे गृहीत धरूनच ते रचावे, हा विचार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरच्या वसाहतीत १९८० नंतरच्या दशकात प्रत्यक्षात आणला. तेथे सात-आठ घरे एका सामायिक अंगणाभोवती होती आणि कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नव्हती. हेतू हा की, शेजाऱ्याची परवानगी न मागता प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे. पुढे पुष्कळ रहिवाशांनी मूळची उतरत्या छपरांची घरे पाडून तेथे मजले चढवले. यावर कोणी कोरियांचा विचार फसला असे म्हणेल. मला तसे वाटत नाही. घरे बदलली तरी त्यांमधली अंगणे राहिली आहेत.

आता घराच्या बाह्यरूपाविषयी. वाढीव बांधकाम झाले की दर्शनी भागाला काच आणि चकचकीत पत्रे लावण्याची सध्या टूम आहे. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला बराच खाली असतो, तर मे-जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तरी उन्हाळ्याचे ऊन अडते व हिवाळ्याचे आत येते. पश्चिमेला हा उपाय चालत नाही. तेथे सूर्य तिरपा, थेट डोळ्यांत येतो. त्याला उभ्या पट्ट्या, जाळी, व्हरांडा किंवा एखादे कडुनिंबाचे झाड हवे. आपला पाऊसही मुख्यतः नैर्ऋत्येचा, म्हणजे याच दोन भिंतींना झोडपणारा. छज्जाच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची खाच ठेवली नाही तर पाणी उलटे फिरून भिंतीवर येते आणि महागाचा रंग दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे धरतो. बाह्यरूप म्हणजे घराची छत्री आहे. तिच्यावरची नक्षी नंतर.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे असे बांधकाम नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीवाचून करता येत नाही. बृहन्मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. शेजारहद्दीपासूनचे अंतर आणि चटई क्षेत्र तीच ठरवते. त्यामुळे होते असे की सारे बेत गवंड्याबरोबर पक्के करून लोक आर्किटेक्टकडे जातात ते केवळ सहीसाठी, आणि मग 'एका सहीचे एवढे पैसे?' म्हणून घासाघीस करतात. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार नोंदणी असल्यावाचून कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, तेव्हा नोंदणी आहे की नाही हे विचारण्यात संकोच नसावा. पहिल्या भेटीला जाताना मिळकत पत्रिका, मूळ मंजूर नकाशा असल्यास तो, आणि खर्चाचा खरा आकडा बरोबर न्यावा. आकडा लपवला तर नकाशा दोनदा काढावा लागतो. भेगा केव्हापासून आहेत आणि कोठे आहेत तेही लिहून न्यावे. पावसात कोणती भिंत आधी ओलावते, हे तर घरात राहणाऱ्यावाचून दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.