सागरी मत्स्य, औद्योगिक रसायने आणि दूषीविष

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल हे चार भाव दुष्ट झाल्यास संपूर्ण जनपद व्याधिग्रस्त होते, असे सांगितले आहे. दुष्ट उदकाची लक्षणे देताना गंध, वर्ण, रस व स्पर्श यांच्या विकृतीबरोबरच जलचर पक्षी ते जल सोडून जाणे व त्यातील जीव क्षीण होणे यांचाही तेथे निर्देश आहे. मत्स्याचे अनारोग्य हे जलदुष्टीचे लक्षण होय, हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. परंतु औद्योगिक रसायनांच्या बाबतीत या लक्षणाला मर्यादा आहे. काही रसायने मत्स्यास मारतात, काही त्यास व्याधित करतात, तर काही त्याच्या मांसात साठूनही तो वरकरणी सुदृढच दिसतो. हा भेद वैद्य व औषधनिर्माते या दोघांनीही जाणणे अगत्याचे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आशुकारी परिणाम

खाडीत मृत मासे तरंगू लागले की त्याची बातमी होते. कोकणात लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीलगतच्या दाभोळ खाडीत असे प्रसंग अनेकदा घडले आहेत. सेंद्रिय द्रव्यांनी युक्त सांडपाणी खाडीत आले की ते कुजविणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. आम्ल, अमोनिया, तसेच तांबे व जस्त यांसारखे धातू कल्ल्यांच्या नाजूक पटलांना इजा करतात. पटलांवर श्लेष्मा साचतो आणि मासा पाण्यात असूनही गुदमरतो. ओहोटीच्या वेळी पाणी कमी असल्याने रसायनाची तीच मात्रा अधिक तीव्र ठरते.

चिरकारी परिणाम

याहून गंभीर ते मंद गतीचे परिणाम. अमेरिकेतील प्युजेट साउंड या सागरी खाडीत तळाच्या गाळातील डांबरजन्य रसायनांमुळे तेथील चपट्या माशांच्या यकृतात अर्बुदे आढळली. ब्रिटनमधील मर्सी व टाइन नद्यांच्या मुखाजवळील नर माशांच्या रक्तात, एरवी केवळ मादीत असणारे अंड्याच्या बलकाचे प्रथिन १९९० च्या दशकात आढळून आले. सांडपाण्यातील स्त्रीसंप्रेरकसदृश द्रव्यांचा हा परिणाम होता.

शुक्ती वापरणाऱ्या आपल्या वर्गाला फ्रान्समधील आर्काशों उपसागराचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. जहाजांच्या तळाला लावावयाच्या रंगात ट्रायब्युटिल टिन हे संयुग वापरीत. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील कालवांची पैदास खुंटली व त्यांची कवचे जाड आणि विकृत होऊ लागली. १९८२ मध्ये लहान नौकांवर या रंगास बंदी येताच कालवांची स्थिती सुधारू लागली. कथिलयुक्त रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ पासून अमलात आहे.

मिनामाता : दूषीविषाचे उदाहरण

सुश्रुताचार्यांनी वर्णिलेले दूषीविष अल्पवीर्य असल्याने तत्काळ मारक नसते. ते कफाने आवृत होऊन वर्षानुवर्षे शरीरात राहते व अनुकूल हेतू मिळताच धातूंना दूषित करते. मिथाइल पाऱ्याचे वर्तन याच्याशी बरेच जुळते. असेंद्रिय पारा गाळात बसला की तेथील जीवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो प्लवकांतून लहान माशांत व लहान माशांतून मोठ्या माशांत जातो, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते.

जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ ते १९६८ या काळात ॲसिटाल्डिहाइड तयार करीत असे. त्या प्रक्रियेत थेट मिथाइल पाराच निर्माण होऊन उपसागरात जात होता. प्रथम मासे तरंगू लागले, पक्षी उडता उडता कोसळू लागले, मांजरांना आक्षेप येऊ लागले. १ मे १९५६ रोजी मानवी व्याधीची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी मांजरास देऊन तीच लक्षणे उत्पन्न झाल्याचे पाहिले, पण तो निष्कर्ष दडपला गेला. शासनाने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. अधिकृत रुग्णांची संख्या सव्वादोन हजारांवर गेली. स्वतः जवळजवळ निरोगी असलेल्या मातांच्या उदरी गंभीर विकलांग बालके जन्मली, ही त्यातील सर्वांत दुःखद बाब होय.

आपल्याकडेही उल्हास नदीच्या खाडीतील गाळात पारा साठल्याची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली आहे. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतील पारद-पद्धती पुढे बंद होत गेली, तरी गाळात बसलेला पारा सहजी नाहीसा होत नाही.

वैद्यांनी काय करावे?

हस्तपादसुप्ती, कंप, चालताना तोल जाणे, वाणी अस्पष्ट होणे, दृष्टिक्षेत्र संकुचित होणे ही मिथाइल पाऱ्याची लक्षणे होत. ती पाहून केवळ वातव्याधी म्हणून चिकित्सा आरंभणे धोक्याचे आहे. किनारपट्टीतील अशा रुग्णास कोणता मासा, कोठला व आठवड्यातून किती वेळा, हे अवश्य विचारावे. रसौषधी सेवनाचाही इतिहास घ्यावा. मत्स्यजन्य मिथाइल पारा रक्तात व केसांत मोजतात. मूत्रपरीक्षा मुख्यतः असेंद्रिय पाऱ्यासाठी असल्याने केवळ तिच्यावर विसंबू नये.

हे विष मांसातील प्रथिनांना बद्ध असते. त्यामुळे धुणे, शिजविणे वा तळणे या संस्कारांनी ते जात नाही. निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा. सेवन थांबविल्यावर शरीरातील त्याचा अर्धा अंश बाहेर पडण्यास सुमारे दोन महिने लागतात. गर्भिणीने मुशीसारखे मोठे, शिकारी मासे टाळावेत. मात्र सरसकट मत्स्यत्याग सांगणे हे किनाऱ्यावरील गरीब कुटुंबाचा बृंहण आहारच काढून घेण्यासारखे आहे. तारली, बांगडा, मांदेली यांसारख्या लहान माशांत पारा तुलनेने पुष्कळ कमी असतो, हे रुग्णांस समजावून द्यावे.

औषधनिर्मात्यांनी काय करावे?

शंख, शुक्ती, कपर्दिका, समुद्रफेन ही द्रव्ये याच समुद्रातून येतात. शिसे व कॅडमियम कवचातील चुन्याच्या जागी बसू शकतात. निंबूरसातील शोधनाने अथवा मारणातील अग्नीने ते पूर्णतः निघून जातात, असे गृहीत धरणे योग्य नव्हे. निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी २००६ च्या आरंभापासून अनिवार्य झाली. तेथील मर्यादा शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम अशा आहेत. सागरी द्रव्यांबाबतही हीच दक्षता स्वेच्छेने घ्यावी, असे आम्ही सुचवितो. व्यापाऱ्याकडून द्रव्य कोणत्या किनाऱ्यावरचे आहे हे लेखी घ्यावे, औद्योगिक खाडीतील माल नाकारावा आणि कच्चे द्रव्य व सिद्ध भस्म या दोहोंची प्रत्येक घाण्याला प्रयोगशाळेत तपासणी करावी.

द्रव्याच्या ग्राह्याग्राह्यतेत भूमिपरीक्षेला आपल्या शास्त्राने मोठे स्थान दिले आहे. सागरी द्रव्यांसाठी जलपरीक्षेलाही तेच स्थान द्यावयास हवे. कवच शुभ्र आहे आणि मासा ताजा आहे, एवढ्यावर आता निर्णय करता येणार नाही.