पडद्याबाहेरच्या कामांचा बंदोबस्त
एडवणच्या एखाद्या नाखव्याच्या मोबाइलवर, समजा, हैदराबादच्या 'इन्कॉइस' केंद्राची मत्स्यक्षेत्रविषयक सूचना दाखवणारा एक घटक आहे. मिळालेल्या माहितीवरून पडदा रेखाटणे हे त्याचे प्रधान कार्य, तर दूरच्या संगणकाशी संधान बांधणे हे आनुषंगिक. नाखव्याने एडवणऐवजी सातपाटी निवडताच जुने संधान रद्द झाले नाही, तर उशिरा पोहोचलेली एडवणची सूचना सातपाटीच्या नावाखाली झळकेल, आणि समुद्रावर निघालेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक मानता येणार नाही.

असे घटक ज्या प्रोग्रामिंग-संचाने रचले जातात त्या 'रिअ‍ॅक्ट'च्या जुन्या पद्धतीत आरंभाचा हुकूम एका ठिकाणी व समाप्तीचा दुसऱ्याच ठिकाणी लिहावा लागे, त्यामुळे दुसरा सहज विसरला जाई. फेब्रुवारी २०१९ मधील १६.८ या आवृत्तीतल्या 'यूझइफेक्ट' या सोयीने कार्य आणि त्याच्या निरसनाची तजवीज शेजारी आणली, आणि माझ्या मते या रचनेत सर्वांत मोलाचे आहे ते हे सान्निध्यच. कोणती माहिती बदलल्यावर कार्य पुन्हा करावे याची यादी अपुरी ठेवण्याची मुभा मात्र राहिली, म्हणून ती तपासणारे स्वतंत्र साधन द्यावे लागले. शिवाय १८ व्या आवृत्तीपासून 'स्ट्रिक्ट मोड'मध्ये, केवळ विकासकाळात, नवा घटक एकदा मोडून पुन्हा उभारला जातो, जेणेकरून राहून गेलेले निरसन प्रोग्रामरच्या नजरेस वेळीच यावे.