वरच्या मजल्याचा ठोका, गल्लीतला डॉल्बी: करायचं काय?

काय चाललंय, निवांत? आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांना निवांतपणा मिळत नाही. विषय आहे शेजाऱ्यांचा आवाज. ऐकायला वेळ नसेल त्यांनी इथं वाचून काढा.

एक आधीच सांगतो. कोल्हापूर म्हणजे दंगा आलाच. पेठेतली टीम फुटबॉलची मॅच जिंकली की गल्ली नाचणारच, आणि त्यात आपणही असतो. पण रोज रात्री साडेअकराला शेजारचा स्पीकर चालू आणि आपली सकाळची शिफ्ट, घरात आजारी आजी किंवा दहावीचं पोरगं असेल, तर तो दंगा राहत नाही, त्रास होतो.

आधी आवाज ओळखा

आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून: टीव्ही, गाणी, भांडण. तो दारं-खिडक्यांच्या फटीतून आत शिरतो. फटी बुजवल्या, जाड पडदे लावले तर बराच फरक पडतो. दुसरा स्लॅबमधून: वरच्या मजल्यावर खुर्ची ओढणं, खलबत्ता, पोरांच्या उड्या. इथं तुम्ही तुमच्या घरात काहीही करा, फारसा उपयोग नाही. उपाय वरच होतो: खुर्चीच्या पायांना रबरी बूच, खलबत्त्याखाली जाड पोतं, पोरांच्या खोलीत सतरंजी. खर्च किरकोळ.

तिसरा प्रकार बासचा, म्हणजे आपला डॉल्बी. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे ७ मीटर लांब असते. पडदा, दार, साधी भिंत तिला फारशी अडवत नाही. म्हणून गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, पण छातीत धडधडतं आणि खिडकीची काच थरथरते.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, कोर्टाभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. ५५ आणि ६५ मध्ये फरक 'थोडासा' वाटतो, पण डेसिबलचं गणित वेगळं आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: 'दहाच्या आत काहीही चालतं.' अजिबात नाही. घरातल्या खाजगी साउंड सिस्टीमचा आवाज, त्या जागेच्या हद्दीवर, ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. हे दिवसालाही लागू आहे. सणासाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत परवानगी देता येते. पण ती सवलत वेळेची, डेसिबलची नव्हे.

मोबाइलवरच्या ॲपनं मोजता येतं का? अंदाज येतो, पुरावा म्हणून फार धरू नका. नियमातलं मोजमाप डीबी-ए मध्ये असतं. ही पद्धत माणसाच्या कानासारखी चालते आणि खालच्या बासला फार कमी गुण देते, ५० हर्ट्झला तर सुमारे ३० डेसिबल कापते. त्यामुळे काच थरथरत असली तरी स्क्रीनवरचा आकडा साधाच दिसू शकतो. आकड्यापेक्षा नोंद ठेवा: तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कसला आवाज. दहा दिवसांची अशी नोंद 'रोज त्रास होतो' या वाक्यापेक्षा लय भारी पडते.

पायरी-पायरीनं

एक: बोला, पण आवाज चालू असताना नको. तेव्हा दोघंही तापलेले असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा. 'काका, तुमचा आवाज बंद करा' असं नको. 'काका, माझी बेडरूम तुमच्या हॉलच्या बरोब्बर खाली आहे, अकरानंतर खुर्ची ओढली की सगळं ऐकू येतं' असं सांगा. खाली किती ऐकू जातं हे बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं.

दोन: सोसायटी असेल तर सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. इतर सभासदांना उपद्रव होईल असं वागायचं नाही, हे आदर्श उपविधींमध्येच आहे.

तीन: रात्री दहानंतर स्पीकर चालू असेल तर ११२. वारंवार होत असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. कारखाना, जनरेटर असला प्रकार असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, त्याचं प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरातच आहे.

पण नाव फुटलं तर?

खरी भीती हीच. ज्याच्या विरोधात तक्रार, तोच उद्या वर्गणीला दारात उभा असतो. यासाठी एक निकाल लक्षात ठेवा. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवासी संघटनेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, की अशा तक्रारीत पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, आणि ओळख कळली तरी ती समोरच्याला सांगू नये. प्रकरण प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांचं होतं. कोर्टानं हेही स्पष्ट केलं, की लाउडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. फोन करताना हा निकाल शांतपणे सांगा. आणि जमलं तर चार घरांनी मिळून अर्ज द्या. एकट्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

आपल्याकडं डॉल्बीमुक्त मिरवणुकीसाठी पोलीस आणि मंडळांच्या बैठका वर्षानुवर्षं होतात. ढोल-ताशा, लेझीम, हलगी लावून मिरवणूक काढणारी मंडळं आहेतच, आणि त्यांच्या मिरवणुकीत काही कमी पडत नाही. त्यामुळं गल्लीतल्या मंडळात तुम्ही कार्यकर्ते असाल, तर पोलिसांआधी तुम्हीच बोला. आतल्या माणसाचं लवकर ऐकलं जातं.

तुमच्या गल्लीत कुठला उपाय चालला, व्हॉइस मेसेज करून नक्की कळवा. फक्त रात्री दहाच्या आत! भेटू पुढच्या भागात.