कृत्तिका : सहा की सात?

ज्यांच्यावरून कार्तिक महिन्याला नाव मिळाले, त्या कृत्तिका कार्तिकात नीट पाहायच्या तर पंचांग हाताशी हवे. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्यांच्या आसपास असतो. महिन्याचे नाव त्यावरूनच पडले, पण नेमक्या त्याच रात्री चांदण्यात हा पुंजका फिका पडतो. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते, तर आकाशात फटाक्यांचा धूर. खरी पर्वणी कार्तिक वद्य पंचमीनंतर. रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे पाहावे. रोहिणीच्या तांबूस ताऱ्याच्या वर जो चिमुकला झुपका दिसतो, तोच कृत्तिकांचा.

पाहिल्यावर पहिला प्रश्न ठरलेला : किती दिसतात? बहुतेकांना सहा. अंधारे आकाश आणि तल्लख डोळे असतील, तर नऊ-दहाही. केप्लरचे गुरू मिखाएल मेस्टलिन यांनी १५७९ साली, दुर्बिणीच्या आधी, अकरा ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या होत्या. १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहून नेहमीच्या सहांभोवती आणखी ३६ तारे मांडले. आज या गुच्छात हजाराहून अधिक तारे धरले जातात.

मग जगभर ‘सात बहिणी’ का? ग्रीक कथेत सातवी हरवलेली आहे आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या कथांतही एक गायब असते. २०२१ मध्ये रे आणि बार्नबी नॉरिस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी एक तर्क मांडला. अ‍ॅटलस आणि प्लायोनी हे दोन तारे आज डोळ्यांना एकच वाटतात, पण लाखभर वर्षांपूर्वी ते जास्त लांब होते, तेव्हा सात सहज दिसत. माणूस आफ्रिकेतून बाहेर पडताना ही गोष्ट सोबत घेऊन निघाला असावा, असे त्यांचे म्हणणे. तर्क मोहक आहे, पण मला तो पटत नाही. सात या आकड्याची ओढ माणसाला एरवीही आहेच, आणि प्लायोनीचे तेज मुळातच कमी-जास्त होत असते.

शिवाय आपल्याकडचा हिशेब निराळाच आहे. तैत्तिरीय ब्राह्मणात कृत्तिकांची सात नावे येतात : अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयन्ती, मेघयन्ती, वर्षयन्ती, चुपुणीका. महाभारतात मात्र त्या सहा ऋषिपत्नी. सातवी अरुंधती पतीला सोडून गेलीच नाही, ती सप्तर्षींत वसिष्ठाशेजारी आहे. म्हणून कार्तिकेयाला माता सहा आणि मुखेही सहा. सातवी आपल्या कथेत हरवत नाही, तिचा पत्ता आकाशातच दिलेला आहे.

कृत्तिकांवर मराठी माणसाने केलेले सर्वांत धाडसी काम शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचे हे शिक्षक. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे, की इतर नक्षत्रे पूर्वेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. दीक्षितांनी हे वाक्य निरीक्षण म्हणून वाचले. कृत्तिका आज महाराष्ट्रातून पाहता पूर्वबिंदूच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतात. हात लांब करून धरलेल्या अडीच मुठींएवढे हे अंतर गच्चीवरूनही मोजता येते. पृथ्वीचा अक्ष संथपणे फिरतो, त्यामुळे उगवण्याची जागा सरकत जाते. उलटे गणित करून त्यांनी काळ काढला : इ.स.पूर्व ३००० च्या आसपास. १८९६ साली पुण्यात निघालेल्या त्यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाचा दबदबा आजही आहे. त्या एका वाक्यावर एवढा भार टाकावा का, हा वाद मिटलेला नाही. पण पोथीतले वाक्य आकाशावर ताडून पाहण्याची ती शिस्त आजच्या किती लेखनात सापडते?

अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्यांचीही अशीच एक रीत आहे. पेरू-बोलिव्हियात जूनच्या अखेरीस पहाटे कृत्तिका निरखतात. त्या अंधुक दिसल्या तर पाऊस कमी, म्हणून बटाट्याची लागवड लांबवायची. २००० साली ‘नेचर’मध्ये याची उकल आली : एल निनोच्या वर्षी खूप उंचावर विरळ ढग येतात आणि त्यांनी तारे मंदावतात.

हा पुंजका योगायोग नाही, हे जॉन मिशेल यांनी १७६७ मध्ये संभाव्यतेच्या गणिताने दाखवले. त्याचे अंतर मात्र अलीकडेपर्यंत भांडणाचा विषय होते. हिप्पार्कस उपग्रहाने सुमारे ३९० प्रकाशवर्षे सांगितले. रेडिओ दुर्बिणी आणि गाया यानाच्या मोजणीनंतर ते ४४० च्या थोडे पुढे स्थिरावले. वय दहा-बारा कोटी वर्षे, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात पोरवय. छायाचित्रांत दिसणारी निळी धूसरता ही त्यांच्या जन्माची वार नव्हे. वाटेत लागलेल्या धुळीच्या ढगावर पडलेला तो प्रकाश आहे. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे निराशा होत नाही.

मोठ्या दुर्बिणीचा इथे उपयोग उलटा होतो. गुच्छाचा विस्तार चंद्रबिंबाच्या तिपटी-चौपटीचा, त्यामुळे अरुंद दृश्यात तो मावतच नाही. दहा बाय पन्नासची द्विनेत्री सर्वांत उत्तम. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ वांगणीच्या रात्रींतून आकाश दाखवत आले आहेत. विदर्भात तर पेंच आहे : जानेवारी २०२४ मध्ये ते देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. एवढे जमत नसेल, तर गच्चीवरचा दिवा मालवा, डोळ्यांना वीस मिनिटे अंधाराची सवय होऊ द्या आणि घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे मोजायला सांगा. आकडे जुळणार नाहीत. तेच कागदावर टिपून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा.