वागळ्यांची दुसरी पिढी

धारवाडच्या सुभाष रोडवर, मनोहर ग्रंथमालेजवळ, परवा आम्हां चार स्नेह्यांत वाद जुंपला. 'वागळे की दुनिया' पुन्हा आणावयास हवी होती काय?

मूळ मालिका १९८८ सालची. कल्पना म्हैसूरला जन्मलेल्या आर. के. लक्ष्मण यांची, निर्मिती दुर्गाबाई खोट्यांच्या संस्थेची, दिग्दर्शन कुंदन शहांचे, आणि श्रीनिवास वागळे झालेले अंजन श्रीवास्तव कलकत्त्याचे. नाना मुलुखांच्या माणसांनी मिळून मराठी कारकून घडविला आणि त्याला हिंदी बोलावयास लावले. घरात मराठी अन् दारात कन्नड बोलणाऱ्या आम्हां धारवाडकरांना तो मुळीच परका वाटला नाही.

२०२१ साली सोनी सबवर दुसरी पिढी आली. सुमीत राघवन हे मुलगा राजेश झाले. "जुन्याची सर नाही. त्या वागळ्याला महिनाअखेरीची धास्ती होती, याला कसली ददात?" असे एक स्नेही म्हणाले.

म्हणणे खोटे नव्हे. परंतु मला मोल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे जोडपे तसबिरीत जाऊन बसले नाही. ३३ वर्षांनी, पिकल्या केसांनी, तेच दोघे आजी-आजोबा होऊन कथेत नांदले. मुलाला चार शब्द सुनावण्याचा त्यांचा हक्क शाबूत राहिला.

आपल्याकडे मुले पुण्या-बंगळुरास जातात, वाड्यात दोघेच उरतात, आणि बोलणे 'दिवाळीला या' एवढ्यावर येऊन थांबते. जुन्या दिवसांची आठवण काढणे सोपे असते. जुन्या माणसांना चालू गोष्टीत जागा करून देणे अवघड. नव्या वागळ्यांनी ते केले. विनोद थोडा उणा पडला असेल, तरी माझे मत त्यांनाच.