हॉजस्किनचा सवाल आणि खोतांची शेते

पेण, रोहा : भात पिकवतो कोण आणि खळ्यावरून नेतो कोण, हा पेण-रोह्याच्या शेतीतला जुना सवाल. इंग्लंडमध्ये टॉमस हॉजस्किन या माजी नौदल अधिकाऱ्याने तो १८२५ मध्ये कारखान्यांविषयी विचारला. कामगार संघटनांवरील बंदी आदल्याच वर्षी उठली होती. ‘एक श्रमिक’ या नावाने काढलेल्या पुस्तिकेत त्याने मांडले, की साठविलेले भांडवल म्हणून जे दाखविले जाते, ते वस्तुतः इतर कामगारांचे चालू श्रमच होत. भाकरी भाजणारा, कापड विणणारा व अवजार घडविणारा एकमेकांना पोसतात. भांडवलदार मधे उभा राहून वाटा घेतो. मार्क्सने पुढे या लेखनाची दखल घेतली. मात्र, हॉजस्किनला मालमत्ता अमान्य नव्हती. स्वतःच्या श्रमातून आलेली मालमत्ता त्याला न्याय्य वाटे.

तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात असा मधला वाटेकरी होता खोत. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसणे थांबविले. हा संप सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ च्या कायद्याने खोती संपली. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कूळ मालक ठरू लागले.

सप्टेंबर २००८ मध्ये पेण परिसरातील शेतकऱ्यांनी ‘सेझ’साठीच्या भूसंपादनावर मत नोंदविले, तेव्हा वाद पुन्हा जमिनीचाच होता. श्रमाने मिळालेला हक्क आणि कायद्याने बहाल केलेला हक्क यांत हॉजस्किनने १८३२ मध्ये केलेला भेद म्हणूनच येथे जुना वाटत नाही.