पाणी ओसरलें, ओल राहिली

कल्याणहून कसाऱ्याकडे जातांना शहाड व टिटवाळा यांच्या मधलें स्थानक आंबिवली. हा सारा मुलूख उल्हास आणि काळू या नद्यांचा. सह्याद्रीवर मुसळधार पाऊस लागला म्हणजे त्याची झळ येथील सखल वस्त्यांना पोहोंचते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां कल्याणच्या परिसरांतही महापुरानें हाहाकार केला. २७ जुलै २०१९ रोजीं याच उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर उतारूंना सुखरूप बाहेर काढावें लागलें.

दोन्ही पूर जुलैअखेरचे, हें गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण २००५ सालीं गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला आली व २०१९ सालीं २ सप्टेंबरला. म्हणजे पूर आणि गणपति यांच्यामध्यें अवघे पांच-सहा आठवडे! सणाला पाहुणे यावयाचे, तेव्हां भिंतीवरील चिखलाची रेघ दिसतां कामा नये, म्हणून घाईनें रंगारी बोलावला जातो. पाण्यानें जें नुकसान केलें नसतें, तें पुष्कळदां ही घाई करते.

भिंत बाहेरून सुकली म्हणजे वाळली, अशी आपली समजूत असते. परंतु वीट व गिलावा सच्छिद्र असतात. दिव्याच्या वातींतून तेल वर चढावें, तसें पाणी भिंतींत चिखलाच्या रेघेच्याही वर चढतें. एक इंच भिंत वाळावयास सुमारें एक महिना लागतो, असा बांधकामांतील ठोकताळा आहे. तेव्हां नऊ इंची भिंतीला दोन्ही बाजूंनीं वारा मिळाला तरी चार-पांच महिने लागावयाचे. शिवाय कोंकणांतील श्रावण-भाद्रपदाची हवा स्वतःच ओली! अशा भिंतीवर तैलरंग चढविला कीं ओल आंत कोंडते. तिच्याबरोबर पृष्ठभागाकडे आलेले क्षार तेथेंच साठतात, त्यांचे स्फटिक गिलाव्याला बाहेर रेटतात, आणि दिवाळीच्या सुमारास पोपडे गळूं लागतात. यालाच आपण लोणा म्हणतों. तो ओल्या फडक्यानें पुसूं नये, कारण क्षार विरघळून पुन्हां आंत जातात. कोरड्या ब्रशानें झाडून टाकावा. सणापुरती शोभा हवीच असेल, तर साध्या चुन्याची सफेदी द्यावी. तिच्यांतून भिंतीला श्वास घेतां येतो, आणि चुन्यावर बुरशीही सहसा धरत नाहीं. कायमचा रंग उन्हाळ्यांत द्यावा. मातीच्या भिंती मात्र निराळ्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांतील नदीकांठच्या पेठांतून मातीचे कित्येक वाडे कोसळले. असें घर जाणत्या माणसाकडून तपासून घेतल्याखेरीज आंत पाऊल ठेवूं नये.

लांकडाच्या बाबतींतही घाई नडते. लांकूड भिजलें म्हणजे आडवें फुगतें, लांबीला जवळजवळ वाढत नाहीं. म्हणून कपाटाचे खण अडकून बसतात. ते जोरानें ओढल्यास सांधे निखळतात. पाठीची फळी काढून खण मागून ढकलावेत. सागवानी पलंग किंवा पेटी धुऊन सावलींत, वारा खेळेल अशी ठेवावी. कडक उन्हांत वरचा थर आधीं आकसतो आणि फळी तडकते. आजोबांच्या वेळचें सागवानी सामान यांतून पुष्कळदां वांचतें. भुशाच्या दाबून केलेल्या फळ्यांचें फर्निचर एकदां फुगलें कीं पूर्ववत् होत नाहीं. त्यावर खर्च करूं नये. कापसाच्या गाद्यांत घाण पाणी शिरलें असेल तर त्यांचाही मोह सोडावा.

सर्वांत हळवा विषय जुन्या कागदांचा. खरेदीखत, वंशावळ, आजीच्या हातची पाककृतींची वही, लग्नाच्या तसबिरी, यांची भरपाई कोणताही विमा देऊं शकत नाहीं. ओल्या पुस्तकांवर उष्ण व दमट हवेंत दोन दिवसांतच बुरशी येऊं लागते. वहीच्या पानांमध्यें मधून मधून टीपकागद किंवा कोरा शोषक कागद घालावा, तो वारंवार बदलावा, आणि पंख्याच्या वाऱ्यांत वही वाळवावी. ओलीं पानें ओढून सुटीं करूं नयेत. एकमेकांस चिकटलेले फोटो तसेच वाळूं दिल्यास ते कायमचे जडतात. स्वच्छ थंड पाण्यांत ठेवून हलकेच सोडवावेत. एकाच वेळीं सारें हातून होणार नसेल, तर भिजलेलीं पुस्तकें पिशव्यांत घालून अतिथंड कपाटांत गोठवून ठेवावींत, म्हणजे तीं सावकाश वाळवितां येतात. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरांत इटलींतील फ्लॉरेन्स येथील राष्ट्रीय ग्रंथालयाचे लक्षावधी ग्रंथ चिखलांत बुडाले. आज ग्रंथरक्षणाची जी विद्या आपण पाहतों, तिला त्या आपत्तीनें मोठीच चालना दिली.

या सर्वांच्या आधीं माणसांचा विचार हवा. विजेची मुख्य कळ बंद असल्याची खात्री झाल्याविना ओल्या घरांत कामाला लागूं नये, आणि पाण्यांत उभें राहून त्या कळीला हात लावूं नये. २००५ च्या पुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदीर व जनावरें यांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून हा रोग जखमेवाटे अंगांत शिरतो. म्हणून चिखल काढतांना पायांत बूट व हातांत मोजे असावेत, आणि नंतर ताप आल्यास पुरांत वावरल्याचें डॉक्टरांना आवर्जून सांगावें. पुराचें पाणी लागलेलें धान्य टाकून द्यावें. त्या वेळीं काटकसर दाखवूं नये.

एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांची खोली बहुधा खालच्या मजल्यावर असते, कारण त्यांना जिना चढवत नाहीं. त्यामुळें ओल्या भिंतीशीं रात्रंदिवस गांठ पडते ती त्यांची आणि त्यांच्या कुशींत निजणाऱ्या नातवंडांची. बुरशीच्या हवेंत दमेकऱ्याचा दमा बळावतो. तेव्हां रंगाऱ्याला बोलावण्याआधीं आजीचा पलंग भिंतीपासून दूर सरकवावा. जमल्यास तिची निजण्याची सोय कोरड्या खोलींत करावी. गणपति पांढऱ्या सफेदीच्या भिंतीपुढेंही बसेल. तोरण ताजें असलें, आरतीला सगळीं माणसें धडधाकट उभीं असलीं, म्हणजे भिंतीवरच्या त्या रेघेकडे कोणी पाहणार नाहीं.